ओळीत लागलेली रोपं

सेइल्कान आपाला दिसत नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. उजेड दिसायचा. दारात कोणी उभं राहिलं तर कळायचं, पण कोण ते विचारावं लागायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ऑपरेशनचा विषय निघाला की ती म्हणायची, "डॉक्टरने माझ्या नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं आणि चौथ्या दिवशी नवराही गेला. माझे डोळे आहेत तिथे बरे आहेत."

त्यामुळे तिची सगळी कामं हातांनी चालायची. मेंढीच्या पोटावरून तळवा फिरवून ती एक कोकरू आहे की दोन ते सांगायची. लोकरीच्या नमद्यात कुठे गाठ राहिली, पिठाला आंबवण पुरलं की नाही, बटाट्याचा कुठला डोळा उगवेल आणि कुठला कुजेल, सगळं बोटांना ठाऊक. वाफा खुरपायची तो गुडघ्यांवर बसून, मान वर, तोंड सरोवराकडे. हात खाली मातीत सरकत असायचे आणि ती रस्त्याने जाणाऱ्यांशी गप्पा मारत असायची. या हातांबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यातलं अर्धं त्यांनी केलं. उरलेलं अर्धं माझ्या हातांनी.

मी समोरच्या घरात राहते. तीस वर्षं गावच्या शाळेत वनस्पतीशास्त्र शिकवलं. मूळची मी नारिनकडची, वरच्या डोंगरातली. नोकरीसाठी इसिक-कुल सरोवराच्या काठी आले आणि इथलीच झाले. सगळा गाव मला बाई म्हणतो. माझा स्वभाव मला माहीत आहे, लपवून काय करू? एखादं झाड ओळखता आलं नाही तर मला जेवण जात नाही, आणि ओळखता आलं नाही हे दुसऱ्याला कळलं तर झोपही लागत नाही. मुलांना मी एकच गोष्ट कान धरून शिकवली. झाड उपटलं की दोन वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचं, जाड कागदावर दोऱ्याने टाचायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. कुठे सापडलं, कोणाच्या जागेत, कोणत्या तारखेला, कोणी तोडलं. लेबल नसलेलं झाड म्हणजे नुसता पाला, असं मी प्रत्येक वर्गाला सांगत आले.

त्या वर्षी आपाकडे सून आली होती, बेगायिम. लग्न होऊन चार महिने झाले आणि तिचा नवरा तालाय फेब्रुवारीत सैबेरियात बांधकामावर निघून गेला. घरात सासू आणि सून, आणि सुनेच्या पोटात मूल. आमच्याकडे गाव नव्या सुनेला रस्त्याकडच्या वाफ्यावरून ओळखतो. दारासमोरचा रस्ता सकाळी झाडला का, कुंपणाचा निळा रंग ताजा आहे का आणि कुंपणाच्या आत फुलं काय लावली. एक सप्टेंबरला शाळा भरते तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात गुच्छ लागतो, आणि कोणाच्या वाफ्यातली फुलं चांगली निघाली याची चर्चा बर्फ पडेपर्यंत पुरते. बेगायिम बिचारी त्याच काळजीत होती. काराकोलच्या बाजारातून तिने एक मोठी पुडी आणली. वर रंगीत चित्र, सात जातींची फुलं एकत्र, जूनपासून बर्फापर्यंत फुलणारी. एप्रिलच्या शेवटी तिने वाफा भिजवला आणि बी मुठीने फेकून दिलं, कोंबड्यांना दाणे टाकतात तसं.

मे महिन्याच्या मध्यावर ती तळहातावर एक रोप घेऊन माझ्याकडे आली. झेंडू तिने ओळखला होता, निळी फुलं येणारं एक रोपही ओळखलं होतं. "पण हे काय आहे, बाई? हे सगळ्यात जास्त उगवलंय, आणि पुडीवरच्या चित्रात तर नाही."

मी चष्मा लावला. पहिली दोन पानं दोऱ्यासारखी बारीक. त्यावरची पानं राखाडी हिरवी, कडेला दाते, आणि वर मेण चोळल्यासारखा गुळगुळीतपणा. पाण्याचा थेंब टाकला तर तो ओघळून गेला. तीस वर्षांत कोणत्याही मुलाने असं रोप माझ्यासमोर आणलं नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हतं, आणि मी जिथे शिकले तिथल्या पुस्तकातही नव्हतं. का नव्हतं ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी वर्गातला आवाज काढला आणि सांगून टाकलं, "सॅलड आहे. बियाण्याच्या कारखान्यात जमिनीवर सांडलेलं झाडून पुडीत भरतात. वाढू दे, कांद्याबरोबर खाऊ."

बेगायिमने ऐकलं, कारण मी बाई होते. ती हसत रस्ता ओलांडून गेली.

मग आपाचे हात कामाला लागले. मे संपता संपता ती रोज सकाळी त्या वाफ्यात बसू लागली. मला वाटलं, सुनेचं पोट वाढत चाललंय, म्हणून सासू वाकायचं काम स्वतः करतेय, चांगलं आहे. चार-पाच दिवसांनी बेगायिम दूध द्यायच्या निमित्ताने आली आणि दारातच घुटमळली. आपा फुलं उपटतायत, असं तिने हळूच सांगितलं. झेंडू गेला, निळी गेली, जवसासारखी होती ती गेली. फक्त ते सॅलड ठेवतायत. मी म्हटलं, मग सांगत का नाहीस? तिने दुधाचं भांडं खाली ठेवलं. सासूच्या हाताखालचं काम सुनेने थांबवायचं नसतं, हे मलाही माहीत होतं.

मी गेले सांगायला. कुंपणाशी उभी राहिले आणि आधी वाफा बघितला. बेगायिमने मुठीने फेकलेलं बी आता ओळींत उभं होतं. चार सरळ ओळी, दोरी न लावता. दर दोन रोपांमध्ये एक वीत. ओळींच्या दोन्ही बाजूंनी माती चढवलेली आणि मधे एवढीच वाट की एका बाईचा एक गुडघा मावावा. ज्या बाईला कुंपणाचं दार चाचपडून शोधावं लागतं तिने हे केलं होतं. रोपं सुंदर दिसत होती, तेच मला आवडलं नाही.

"आपा, तुम्ही फुलं काढून सॅलड ठेवताय," मी म्हटलं.

"हे सॅलड?" ती हसली. "बाई, सॅलड कधी हातात घेतलंय का? ते मऊ असतं. हे बघा कसं थंड आहे."

"मग काय आहे ते?"

"ते तुमचं पुस्तक सांगेल. मला नाव नाही येत. पण हाताला ओळखीचं आहे. फार जुनं ओळखीचं." आणि ती पुन्हा मातीत हात घालून गुणगुणायला लागली. एकाच ओळीची चाल, पुन्हा पुन्हा, पुढे सरकायच्या ठेक्यात. ते गाणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नळावर पाच-सहा जणी जमल्या असताना तिने माझी चांगलीच फिरकी घेतली. बाईंनी तीस वर्षं पोरांचे कान पिळले आणि समोरच्या दारातलं रोप ओळखता येईना, सॅलड म्हणतात. बायका खो खो हसल्या. हसण्यासारखं होतंच. पण त्या हसण्यात दोन म्हाताऱ्या नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं. त्यांतल्या एकीने आपल्या कुडत्याच्या गळ्यात थू थू केलं, नजर लागू नये म्हणून करतात तसं, आणि अर्धीच बादली घेऊन ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सत्तरीचा जाकिप गाढवावरून जाताना कुंपणाशी थांबला. बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिला. मी खिडकीतून हाक मारली, आजोबा, काय बघताय? त्याने गाढव हाकललं आणि त्यानंतर महिनाभर तो आमच्या रस्त्याने आला नाही, शेतावर जायला लांबचा वळसा घेऊ लागला. गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं कळलं होतं. कोणी बोललं नाही. कारण ते रोप ज्याला ओळखता येतं त्यालाच आधी विचारतात, तू कुठे पाहिलंस?

मला मात्र एकच लागून राहिलं होतं, बायका हसल्या ते. मी बेगायिमला न सांगता वाफ्याच्या कडेचं एक चांगलं रोप मुळासकट काढलं. दाबलं, वाळवलं, कागदावर टाचलं. लेबल लिहिलं, अक्षर नेहमीसारखं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते घेऊन मी काराकोलच्या बसमध्ये बसले. तिथल्या शेतकी कचेरीत कुबात बसतो. माझा विद्यार्थी, अभ्यासात बरा, वाळवलेल्या झाडांच्या वहीत पहिला. त्याच्याकडे जाड जाड पुस्तकं आहेत.

त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, जर्दाळूचा मुरंबा पुढे केला. कागद उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग उठून खिडकी लावून घेतली, बाहेर वारा नसताना. मी विचारलं, काय रे, ओळखलंस? तो म्हणाला, "ठेवून जा, बाई. पुस्तकात बघावं लागेल." त्याने लेबल वाचलं, ओठ हलवत, सगळं. "लेबल अजून तसंच लावता तुम्ही. कोणाचं घर, तारीख, सगळं."

"तुला शिकवलंय तेच," मी म्हटलं. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच आहे. परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास आपाने मला हाक मारली. ती कधी हाक मारत नाही, बेगायिमला पाठवते. मी गेले तर ती अंगणातल्या टाकीशी हात धूत होती. साबण लावून, पाणी ओतून, परत साबण. हाताची कातडी लाल झाली होती. आदल्या दिवसापासून तिने दुसरी विरळणी काढली होती, आता रोपं मोठी, उपटताना देठ तुटला आणि चीक बोटांवर आला. पांढरा, दुधासारखा. तिने ते बोट नाकाशी नेलं होतं.

"बस, बाई," ती म्हणाली. बेगायिमला तिने आत पाठवलं, चहा करायला. मग सांगितलं. तिच्या तोंडून मी एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं, म्हणून आठवतं तसं लिहिते.

ती लहान असताना या सरोवराच्या पूर्वेकडची सगळी जमीन अफूची होती. सरकारी शेती, सरकारी औषधासाठी. मैलोगणती फुलं. सात वर्षांच्या मुलींना विरळणीला घालायचे, कारण त्यांची बोटं बारीक. एक वीत अंतर, दोन्हीकडून माती, मधे एका गुडघ्याची वाट. गाणं म्हणत पुढे सरकायचं, सगळ्या मुली एका ठेक्यात. बोंडं धरली की बायका संध्याकाळी त्यांना चिरा द्यायच्या आणि उन्हं वर यायच्या आत वाळलेला चीक खरवडून डब्यात घ्यायच्या. शेताच्या टोकाला घोड्यावर पहारेकरी. घरी जायच्या आधी हात धुवायचे, तळवे दाखवायचे, मग उलटे करून दाखवायचे, वेण्या सोडायच्या. तिच्या आईचं नाव उमसुन. आजीला रात्रभर खोकला यायचा, म्हणून उमसुनने एकदा हरभऱ्याएवढा चीक काड्यापेटीत ठेवला. ती काड्यापेटी बांधावर सापडली. पहारेकऱ्याने बायकांना विचारलं नाही. तो घोड्यावरून उतरला, मुलींच्या घोळक्याशी उकिडवा बसला आणि साखरेचा खडा काढून गोड आवाजात विचारलं, ही पेटी कोणाची आहे गं, कोणाला माहितीये?

"मला माहीत होतं," आपा म्हणाली. "पेटीवर विमानाचं चित्र होतं, आमच्याच घरातली. बाकी कोणाला उत्तर येत नव्हतं. मी हात वर केला. माझ्या आईची, म्हणून सांगितलं. नऊ वर्षांची होते. खडा तिथेच खाल्ला."

आईला आठ वर्षांची शिक्षा झाली. ती परत आली नाही. पुढे ती शेती बंद झाली, ट्रॅक्टर फिरले, लोक बटाटे लावू लागले, आणि गावात कोणी त्या रोपाचं नाव काढेनासं झालं. आपाने नाव विसरायचं ठरवलं होतं आणि ती विसरलीही होती. हातांना मात्र तिने काही सांगितलं नव्हतं.

काराकोलमधली ती लावून घेतलेली खिडकी डोळ्यांपुढे आली. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. आपा, तुमच्या नावाचा कागद मी मंगळवारी कचेरीत देऊन आले आहे, एवढंच. बेगायिमला माहेरी पाठवायला वेळ मिळाला असता. वाफा नांगरून बटाटे टाकायला मिळाला असता. मी बोलले नाही. मला लाज वाटली. मनात म्हटलं, कुबात आपला मुलगा आहे, उद्या पहिल्या बसने जाऊन कागद परत आणीन, कोणाला कळायचंही नाही. तोंडाने म्हटलं, "उपटून टाकू. आत्ता."

आम्ही तिघी उपटायला बसलो. बेगायिमला काही सांगितलं नव्हतं, पण सासूचा चेहरा बघून ती विचारत नव्हती, सहा महिन्यांचं पोट सावरत रोपं ओढत होती. आपा म्हणाली, गाईला घालू नका, जाळायचं. दोन ओळी झाल्या होत्या. तिसरी अर्धी झाली होती. तेवढ्यात जीपचा आवाज आला. आमच्या रस्त्याला जीप येत नाही.

इन्स्पेक्टर तरुण होता, टापटीप, बोलायला मऊ. सोबत दोन पोलीस. मागच्या सीटवर कुबात, काच वर केलेली. तो उतरला नाही. इन्स्पेक्टरने आम्हाला उठू दिलं, सगळ्यांना नमस्कार केला, आपाला आजी म्हणाला. मग वाफ्याशी वाकला आणि आपला पंजा पसरून दोन रोपांमधलं अंतर मोजलं. पुढच्या दोनांमधलं मोजलं. उपटलेल्या ओळींतले खड्डे मोजले. खड्डेही ओळीतच होते.

बेगायिम धावत घरात गेली आणि रिकामी पुडी घेऊन आली. "मी पेरलं. फुलं म्हणून पेरलं. हे बघा, चित्र बघा, बाजारात मिळते ही पुडी."

"असेल," इन्स्पेक्टर म्हणाला. "पुडीतून चुकून येतं कधी कधी. आपसूक उगवलं असतं तर आम्ही उपटून जाळलं असतं, एक सही घेतली असती आणि चहा पिऊन गेलो असतो. पण मुठीने टाकलेलं बी वीतभर अंतर मोजून पडत नाही, पोरी. याची निगा राखलीय. आणि जाणत्या माणसाने राखलीय." त्याने वही उघडली. "पेरलं तू. नाव काय तुझं?"

बेगायिमने तोंड उघडलं होतं. आपा मधे आली. कुठे कोण उभं आहे हे तिला आवाजावरून कळलं होतं आणि ती बरोबर दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"तिने फुलं पेरली. ती सगळी मी उपटली, विचार गावाला. जे उभं आहे ते माझं आहे."

"आजी, तुम्हाला दिसत नाही."

"बस इथे. एक ओळ करून दाखवते."

इन्स्पेक्टरने वही खाली केली. मग त्याने विचारलं, हे कुठे शिकलात? आपा म्हणाली, सरकारने शिकवलं, सात वर्षांची असताना. दोघा पोलिसांतला एक हसला आणि लगेच थांबला.

वहीत आपाचं नाव लिहिलं गेलं. मला वाटलं, आता मी बोलेन. आता तरी. पण इन्स्पेक्टरनेच माझ्याकडे वळून फाईलमधून जाड कागद काढला. दोऱ्याने टाचलेलं रोप, एक पान दुमडलेलं, मागची बाजू दिसावी म्हणून. "बाई, अक्षर तुमचंच ना हे? खाली सही लागेल. तुमच्यामुळे कळलं, नाहीतर बोंडं धरेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता."

"कसलं अक्षर?" आपाने विचारलं.

इन्स्पेक्टरने कागद तिच्यापुढे धरला.

"बेगायिम. वाच."

बेगायिमने कागद हातात घेतला. शाळेत वाचतात तसं तिने स्पष्ट वाचलं. "रोप अनोळखी. जागा, सेइल्कानचं घर, रस्त्याकडचा वाफा. तारीख सहा जून. तोडणारी." ती थांबली.

"वाच, पोरी."

"तोडणारी साइरा, वनस्पतीशास्त्राच्या शिक्षिका."

आपाने मान माझ्याकडे वळवली. तिला मी दिसत नव्हते हे मला माहीत होतं. तरी मी तिथून हलू शकले नाही. तीस वर्षांत तिने मला बाई सोडून कधी हाक मारली नव्हती, माझ्यापेक्षा मोठी असून अहो-जाहो केलं होतं. आज सकाळी तेवढी घाबरून 'बस' म्हणाली होती.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "तुझं वय काय गं?"



तिने बेगायिमकडे पाणी मागितलं. बेगायिमने तांब्याच्या झारीने तिच्या हातांवर पाणी ओतलं, पाहुण्याच्या हातांवर ओततात तसं, आणि टॉवेल दिला. आपाने हात कोरडे केले. जीपच्या दाराशी जाऊन तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. इन्स्पेक्टरला वाटलं बेड्यांसाठी, म्हणाला, आजी, त्याची गरज नाही. तिने हात मागे घेतले नाहीत. उलटे केले. मग एका हाताने रुमाल सोडला आणि आपली पांढरी बारीक वेणी उलगडायला लागली. इन्स्पेक्टर इकडेतिकडे बघत होता, हे काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. वेणी पूर्ण सुटेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"बघितलंस?" तिने विचारलं. "काही नाही."

"नाही, आजी," तो म्हणाला, आणि तिला आत बसायला हात दिला.

आपाला तीन वर्षांची शिक्षा झाली. सप्टेंबरमध्ये बेगायिमला मुलगी झाली. तालाय सैबेरियातून आला, वकील केला, कागद वाचले, त्यातला माझा कागदही वाचला, आणि परत गेला. जाताना माझ्या दाराशी येऊन उभा राहिला होता. मी दार उघडलं तोवर तो वळून निघाला होता. आपाला लिहिता येत नाही, तिची पत्रं तिथली कोणीतरी बाई लिहून द्यायची, मेंढ्यांची चौकशी, नातीचं वजन किती. दुसऱ्या हिवाळ्यानंतर पत्रं थांबली. लिहून देणारी सुटली असेल, असं बेगायिम म्हणते. नळावर म्हणते, दुसऱ्या बायकांना. मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी असते, जवळ नसते.

समोरच्या वाफ्यात आता काही पेरत नाहीत. बेगायिम तिथे नुसती माती झाडून ठेवते, रस्त्यासारखी. वसंतात त्या मातीत काही ना काही उगवतं, आणि ते दोन पानांवर यायच्या आत तिने खरवडलेलं असतं. ते काय होतं हे ती कोणाला विचारत नाही.

मुलं अजून माझ्याकडे येतात. हातात काहीतरी उपटलेलं, मुळाला माती. बाई, हे काय आहे? मला माहीत असेल तर मी नाव सांगते. कुठून आणलंस, ते विचारत नाही.